दोनशे चौदा पायऱ्यांचा कंट्रोलर

संकेश्वरात बसून जर्मनीतली वाहतूक सांभाळणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. हे मी कौतुकाने म्हणत नाही. कौतुक करण्याआधी मी आकडे तपासतो, आणि आकडे असे आहेत की बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून तेहतीस वर्षे नोकरी केलेला हा माणूस निवृत्त होऊन चार वर्षे झाली, पण त्याच्या घरात अजून एकही गोष्ट वेळापत्रकाबाहेर घडत नाही. सकाळचा चहा पाच मिनिटे उशिरा आला तर आक्काला, म्हणजे माझ्या मेहुणीला, लेट झाल्याचे कारण सांगावे लागते. दुपारी पावणेएकला जेवायला बसायचे म्हणजे बसायचे. पाहुणा उठला की हा घड्याळ बघतो, आणि पाहुणा उंबऱ्यावर गप्पा मारत रेंगाळला तर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणतो, "गाडी फलाटावरच उभी हाय अजून." एका लग्नात अक्षतांचा मुहूर्त सात मिनिटांनी टळला, तेव्हा ह्याने भटजींना बाजूला घेऊन पुढच्या फेरीत वेळ भरून काढता येईल का, असे विचारले होते. मी शेजारीच उभा होतो.

त्याची एकुलती एक मुलगी शिकायला जर्मनीत, स्टुटगार्टला गेली. शहर सगळे डोंगरात. पोरीची खोली खाली दरीत आणि कॉलेज वर माथ्यावर. दुसरा बाप असता तर थंडी किती आहे, खोलीत कोण आहे, हे त्याने विचारले असते. ह्याने पहिल्या फोनला रूट विचारला. आधी दगडी पायऱ्या चढायच्या, मग रुळांत दाते असलेली, डोंगर चढणारी छोटी रेल्वे, मग बस, मग कॉलेज. एकूण बासष्ट मिनिटे. पायऱ्या किती, हे तिने तीन दिवस मोजले आणि तीन वेगळे आकडे आले: दोनशे तेरा, दोनशे चौदा, दोनशे सोळा. मी सरासरी काढायला लागलो तर म्हणाला, "पायरी अर्धी नसती, रं." शेवटी दोनशे चौदा हा आकडा त्याने मंजूर केला. मग एवढे चढायला किती वेळ लागतो ते बघायला घरातल्या माळ्याचा जिना छत्तीस वेळा चढला, पाठीवर पुस्तकांच्या वजनाची म्हणून पाच किलो जोंधळ्याची पिशवी घेऊन. जिन्याला सहा पायऱ्या आहेत. दोन पायऱ्या जास्त झाल्या, त्या मी वजा केल्या. आक्का म्हणाली, जिना चढायचाच होता तर निदान माळा तरी झाडायचा.

तेव्हापासून रोज फोन. तिकडे सकाळी सात चाळीस, इकडे अकरा दहा. पोरगी खोलीचे दार ओढून फोन लावायची. हा विचारायचा, "सुटलीस?" ती म्हणायची, सुटले. पायऱ्या संपल्या की दुसरा फोन, रेल्वेतून उतरली की तिसरा, कॉलेजच्या दारात चौथा. प्रत्येक वेळ हा रजिस्टरात लिहायचा, "रैट" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. बाकी बोलणे नाही. चालकाशी गप्पा मारत बसणारा कंट्रोलर त्याने आयुष्यात मान्य केला नव्हता.

ऑक्टोबर संपताना एका सोमवारी अकरा दहाला फोन आला नाही. अकरा पंचवीसला माझा फोन वाजला. "गाडी सुटली न्हाय," एवढेच म्हणाला, पण आवाज असा की मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून बेळगावहून निघालो. तोवर त्याने सतरा वेळा फोन करून पोरीला झोपेतून उठवले होते. तिकडे नुकते सात वाजत होते. हिवाळ्यासाठी तिथे सगळ्या देशाची घड्याळे आदल्याच दिवशी एक तास मागे घेतली होती. हे कळल्यावर त्याने रजिस्टरातला लेटचा शेरा खोडला. मग म्हणाला, "घड्याळच मागं घ्यायचं हे आमास्नी सुचलं असतं, तर तेहतीस वर्सांत माझी एक बी गाडी लेट झाली नसती."

मार्चमध्ये पोरीने मला फोन केला. त्याला नाही, मला. कॉलेजच्या वसतिगृहात खोली मिळत होती. दारापासून वर्गापर्यंत चालत चार मिनिटे. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता, आणि ती नकार देणार होती. बर्फात एकदा घसरल्यापासून गुडघा दुखतो, हेही तिने तेव्हाच सांगितले. मी म्हटले, मग अडचण काय? ती म्हणाली, "काका, मी तिथं राह्यले तर आप्पा दिवसभर करतील काय?"

मी हिशेब केला. जाऊन येऊन रोज दोन तास चार मिनिटे, आठवड्याच्या पाच दिवसांचे दहा तास वीस मिनिटे. दुखऱ्या गुडघ्याने. हे कागदावर मांडून मी गुरुवारी संकेश्वरला गेलो. सरळ बोलायची सवय असूनही चहा संपेपर्यंत विषय काढता येईना. शेवटी सांगितले. त्याने माझा कागद बघितलाच नाही. उठून रजिस्टर आणले आणि बोटाने एक रकाना दाखवला. पायऱ्यांना आधी सहा मिनिटे लागायची. फेब्रुवारीपासून नऊ.

"मला वाटलं बरफ असंल," तो म्हणाला. "बरफ गेला तरी नऊच. पोरीचा पाय दुखतोय हे म्हैना झालं मला ठावं हाय. तिनं सांगितलं न्हाय, म्या इचारलं न्हाय."

मग माझ्यासमोरच फोन लावला. "पोरी, रूट बंद कर. उद्याच्या उद्या खोली घे." पलीकडून ती काहीतरी समजावत होती. "न्हाय," तो म्हणाला, "पाशिंजराला तरास होत असंल तर गाडी कशाला चालवायची?"

एप्रिलमध्ये ती नव्या खोलीत गेली. पहिल्या दिवशी सवयीने फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. सुटले म्हणाली, आणि बोलता बोलता पोचलीही. आता विचारायला एकही थांबा नव्हता. आक्का मागून बोला, बोला म्हणून खुणा करत होती, तेव्हा कुठे त्याने विचारले, "जेवणाचं कसं करतीस गं?"

ती बोलत राहिली. तेवीस मिनिटे; मी घड्याळ बघत होतो. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "तिकडं गेल्यापासनं एकटीच जेवतीया. भात करती, आन् खिडकीकडं तोंड करून खाती. मला कुठला थांबा कवा येतो त्ये सगळं पाठ. ह्ये ठावं न्हाय."

परवाच्या रविवारी मी गेलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तिकडे दुपारचे बारा. पुढच्या सोप्यात, जमिनीवर ताट वाढून झाकलेले, त्याच्यासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला, आणि हा मांडी घालून बसलेला. फोन अजून आला नव्हता. आक्का म्हणाली, भाकरी गार झाली, निदान एक घास तरी घ्या.

"असू दे," तो म्हणाला. "तिचा भात शिजायचा असंल."