पितळी किलो परदेशी जाऊन आला

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती आणि दोन ह्यांच्या. आमच्याकडे चादरीची घडी दोघांनीच घालायची. एकट्याने घातली की काठाला काठ जुळत नाही, आणि काठाला काठ जुळला नाही तर ह्यांना जेवण जात नाही. पहिली घडी झाली, दुसरीसाठी मी पुढे आले, तेवढ्यात ह्यांनी टोकं सोडून दिली. चादर फरशीवर.

"अगं, ठरलं," हे म्हणाले. "उरलेलं आयुष्य परदेशात काढायचं."

"आधी चादर उचला," मी म्हणाले.

पण हे ऐकतात कसले. खिडकीशी जाऊन खाली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाकडे असे बघत राहिले, जसं काही त्या दुकानाने ह्यांचं घर लुटलं होतं.

ह्यांची सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून झाली. एकतीस वर्षं. दुकानात शिरायचं, आपलं पितळी वजन काट्यावर ठेवायचं, काटा खरं बोलतो की खोटं ते बघायचं, खरं बोलला तर शिक्का, खोटं बोलला तर दंड. हे बाजारात दिसले की दुकानदार उठून उभे राहत. काही जण मागच्या दाराने निघूनही जात, पण तोही एक प्रकारचा मानच. एकतीस वर्षांत कुणाच्या दुकानात पाण्याचा घोट घेतला नाही. पितळी वजनाला कधी उघडं बोट लावलं नाही. रुमालात धरून, वरच्या बोंडाने उचलायचं. "घामाचं सुद्धा वजन असतं," हे ह्यांनी मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात सांगितलेलं. बाकीच्या बायकांना नवरे काय काय सांगतात.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीत नवा संच आला होता, म्हणून जुन्यातलं एक किलोचं वजन ह्यांना भेट मिळालं. लाकडी पेटी, आणि सोबत शिक्क्यानिशी दाखला: वजन बरोबर एक हजार ग्रॅम. पेटी कपाटात गेली आणि किलो आला माझ्या देवांशेजारच्या काचेच्या फळीवर, दिव्याला लागून. काचेला ओरखडे पडू नयेत याची सोय मी केली आणि रोज देवांच्या भांड्यांबरोबर त्यालाही पुसू लागले. हे फिरायला जाताना किलो पिशवीत घेऊन जात. म्हटलं, लोक काठी नेतात, हे किलो नेतात.

महिन्याभराने हे खालच्या दुकानात साखर आणायला गेले. सवयीने किलो काट्यावर ठेवला. काटा म्हणाला, एक हजार बारा.

"किलो ठेवला तर एक हजार बारा दाखवतोय," हे गरजले. "म्हणजे दर किलोमागे बारा ग्रॅम गिऱ्हाइकाच्या तोंडचं काढतोस! चोर आहेस!"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. दुकानदार उठला नाही. शांतपणे म्हणाला, "काटा नवा आहे, काका. तुमच्याच कचेरीचा शिक्का आहे. साहेब होतात तेव्हा दंड केला असतात. आता काका आहात, साखर घ्या नि घरी जा."

हे साखर न घेता घरी आले. बारा ग्रॅमचं दुःख एवढं नव्हतं. महिन्यापूर्वी साहेब आणि आज काका, हे ते दुःख. त्या दिवसापासून साखर तीन गल्ल्या सोडून पलीकडून यायला लागली, आणि त्याच आठवड्यात ती चादर फरशीवर पडली.

"जिथे काटा खरं बोलतो तिथे राहायचं," हे म्हणाले. "एकतीस वर्षं मी या बाजाराची मापं सुधारली, आणि पाठ वळताच पहिले पाढे पंचावन्न. इथे हाडं ठेवायची नाहीत."

नुसतं बोलून थांबले असते तर ते हे कसले. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना दवाखाना वाढवायला आमचं घर हवंच होतं. महिनाअखेरपर्यंत हो की नाही सांगा, म्हणाले. हो म्हटलं की घर गेलं, परतीचा रस्ता बंद. याच घरात माझी लेक मोठी झाली, याच भिंतीला टेकून मी तीस वर्षं जप केला. मी देवापुढे बसले आणि म्हटलं, ह्यांना मनासारखी जागा मिळू दे. मग लगेच म्हटलं, पण इतक्यात नको. देवाला दोन्हीकडून भिडेत घालू नये हे कळतं मला, पण तोंडातून निघून गेलं.

आधी जागा बघून यायचं ठरलं. विमानतळावर पहिला घोळ. किलो हातातल्या पिशवीत. तपासनिसाने तो बाहेर काढला, उलटा केला, तळावरून बोट फिरवलं आणि बोट हुंगलं. मग त्याने दुसऱ्याला बोलावलं, त्यानेही हुंगलं.

"बोट लावू नका!" हे ओरडले. "वजन वाढेल!"

आम्हाला पाऊण तास बाजूला उभं केलं. शेवटी दाखला वाचून त्यांनी किलो परत दिला, तोही दोन बोटांत धरून, मेलेल्या उंदरासारखा.

पहिलं गाव समुद्रकाठचं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खाऱ्या वाऱ्याने गंजलेला कठडा, पण पहाटे इतका सुंदर उजेड यायचा की माझा जप आपोआप लांबायचा. ह्यांनी उजेड बघितलाच नाही. थेट बाजार. एक फळवाली दोन पारड्यांच्या तराजूवर सफरचंदं तोलत होती. ह्यांनी एका पारड्यात तिचा लोखंडी किलो ठेवला, दुसऱ्यात आपला. ह्यांचं पारडं खाली गेलं. हे हातवारे करून तिला तिचा गुन्हा समजावायला लागले. तिला सगळं समजलं असावं, कारण ती खळखळून हसली आणि तिने आमच्या पिशवीत वर एक सफरचंद टाकलं.

"बघा, किती छान बाई," मी म्हणाले.

"एक चूक दुसऱ्या चुकीने झाकते आहे," हे म्हणाले आणि ते सफरचंद परत ठेवून आले. गाव बाद.

दुसरं गाव डोंगरातलं. घरमालक म्हातारा, भला. खिडकीशी टेबल, मी रोज वही लिहिते तिला अगदी पुरेसं. पण बाजारात काटाच नव्हता. भाजीचे वाटे मांडलेले, पटला तर उचला. हे पिशवीतला किलो चाचपत वाट्यांमधून हिंडले, जसा एखादा वैद्य निरोगी गावातून हिंडावा.

"इथे लबाडी करायला जागाच ठेवलेली नाही," हे संध्याकाळी म्हणाले. "मग माणूस प्रामाणिक आहे हे कळणार कसं?"

"त्याच्या वागण्यावरून," मी म्हणाले.

"वागण्याला शिक्का मारता येतो का?" गाव बाद.

आणि मग तिसरं. देवाशपथ सांगते, त्या गावात नाव ठेवायला बोटभर जागा नव्हती. तळमजल्यावरचं घर, ह्यांच्या गुडघ्यांची सोय. पन्नास पावलांवर बाक. दवाखाना हाकेच्या अंतरावर. घर दाखवणाऱ्या बाई इतक्या हसतमुख की मला संशय यायला लागला. डॉक्टरांना उत्तर द्यायला आठवडा उरला होता. बाई म्हणाल्या, चार दिवस राहून बघा, सोमवारी कागदावर सही करू. लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, हवा कशी आहे तिथली?" हे म्हणाले, "अजून काटा बघितला नाही." मी मात्र मनात हिशोब केला. या घरात काही खोट निघणार नाही आणि माझी भिंत जाणार.

दुसऱ्या दिवशी हे किलो घेऊन निघाले. पहिल्या दुकानात काट्यावर आकडा आला: एक हजार बारा. ह्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, नोकरीत असताना उजळायचा तसा. दुसऱ्या दुकानात एक हजार बारा. तिसऱ्यात तेच. दुपारपर्यंत नऊ दुकानं झाली, पण पाचव्यापासून हे आकडा दोनदोनदा वाचायला लागले होते.

घरी येऊन टेबलाशी बसले. किलो समोर ठेवला.

"नऊ दुकानं, नऊ काटे आणि बाराच ग्रॅम," हे म्हणाले. "चोर सुद्धा इतके शिस्तीचे नसतात गं."

"आपल्या खालच्या दुकानात किती होते?" मी विचारलं. खरंच सहज विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग रुमालात धरून, आयुष्यात पहिल्यांदा, किलो उलटा केला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वजनांचे तळ तपासले, आपल्याचा कधी तपासला नव्हता. तळाला जाड बनातीचा, म्हणजे लोकरी कापडाचा, गोल तुकडा चिकटवलेला होता, तेल पिऊन काळा पडलेला.

"हे काय आहे?"

"बनात."

"ते दिसतंय. कुणी लावली?"

"मी. काचेला ओरखडे पडत होते ना. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी लावली. चांगली दुहेरी लावली." मग मला तेल दिसलं. "दिव्याचं तेल ओघळतं कधीकधी फळीवर."

मला वाटलं, आता वीज कोसळणार. पण हे म्हणाले, "लोक पारड्याखाली पासंग लावतात म्हणून मी शेकडो माणसांना दंड केला. माझ्याच किलोला घरातून पासंग लागला. आणि तोसुद्धा देवासमोर."

"मला काय माहीत! मी तर चांगलंच करायला गेले."

"सगळे हेच सांगतात," हे म्हणाले, पण आवाज चढला नाही.

सुरीने बनात काढली, तळ गरम पाण्याने पुसला, वाळवला. सकाळी आम्ही दोघं जवळच्या दुकानात गेलो. किलो काट्यावर ठेवला. आकडे थोडे हलले आणि थांबले. एक हजार. पुढे काही नाही. दुकानातली मुलगी आमच्याकडे बघत राहिली, कारण हे चष्मा काढून पुसत होते आणि काही विकत घेत नव्हते.

सोमवारी बाई कागद घेऊन आल्या. मी जपाची माळ पदराआड घट्ट धरली होती. आता तर सगळंच जुळलं होतं. गावातला एकेक काटा खरा, मग ह्यांना नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

ह्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं आणि परत लावलं.

"बाई, तुमचं गाव बावनकशी आहे," हे मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाले. "पण ज्याच्यावर रागावून मी निघालो तो माणूस खरा निघाला. आता इथे राहिलो तर तो खोटाच राहील."

"म्हणजे काय करायचं?" बाईंनी विचारलं. त्यांना घरातली काही दुरुस्ती हवी आहे असं वाटलं असावं.

"किराणावाल्याकडे जायचं आहे," हे म्हणाले.

बाईंचं हसू तेव्हा पहिल्यांदा मावळलं. आम्ही परत आलो. दातांच्या डॉक्टरांना नाही म्हणून कळवलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, आणि दातांच्या डॉक्टरांचं तोंड वाकडं झालेलं बघून मला बरं वाटलं. देव क्षमा करो.

पण म्हणणं वेगळं आणि जिना उतरणं वेगळं. येऊन चार दिवस झाले, हे दुकान टाळून मागच्या जिन्याने फिरायला जातात. किलो पेटीत आहे, फळीवर नाही. ती बनात ह्यांनी काडेपेटीत घालून ठेवली आहे. पुरावा म्हणे.

आज दुपारी ती अर्धी राहिलेली चादर परत घडी करायला घेतली. काठाला काठ जुळवताना हे चादरीकडेच बघत म्हणाले, "साखर आहे का गं घरात?"

डबा भरलेला होता. "संपली," मी म्हणाले. खोटं बोलले, ते वहीत लिहून ठेवते आहे.

"मग उद्या जावं लागेल खाली."

"दुकान उघडलं की लगेच जा. तेव्हा गर्दी नसते, बोलायला सोपं पडेल."

"छे," हे म्हणाले. "चार जणांसमोर चोर म्हटलं होतं. चार गिऱ्हाइकं जमेपर्यंत थांबणार. तिघांत माफी कमी भरेल."

तर उद्या सकाळी हे खालच्या दुकानात अर्धा किलो साखर आणायला जाणार आहेत.