रद्दीची उंची

माझी पत्नी रोज सकाळी चालायला जायची आणि मी जायचो नाही. नवी मुंबईत सीवूड्सला राहायला आलो तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, आमच्या घरचा हाच क्रम होता. दाराशी स्टुलावर बसून ती बुटांच्या नाड्या बांधायची आणि मान वर न करता विचारायची, "येताय?" मी पेपरातून डोकं न काढता म्हणायचो, "उद्या." तिनं याचा कधी राग धरला नाही, पण विचारायचंही कधी सोडलं नाही. आता मागे वळून बघताना तिच्या न रागावण्यापेक्षा त्या रोजच्या विचारण्याचंच मला जास्त वाटतं.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. बसणं हाच माझा व्यवसाय होता आणि छंदही. निवृत्त झाल्यावर तीन पेपर घ्यायला लागलो. वाचून झाले तरी ते टाकवत नसत. कधीतरी कात्रणं काढू, या आशेवर पंधरवड्याचा एक असे गठ्ठे सुतळीनं बांधून मागच्या गॅलरीत रचून ठेवायचो. "तुमची ही रद्दी दिली ना, तर घरात एक खोली वाढेल," ती म्हणायची. कात्रण मी एकही काढलं नाही.

ती आजारी पडली आणि सात महिन्यांत गेली. भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी विचारलं, "रोज एवढं चालायच्या, काय उपयोग झाला?" उत्तर माझ्याकडे होतं. शेवटच्या आठवड्यापर्यंत ती आपल्या पायांनी बाथरूमला गेली. मी हात पुढे केला की म्हणायची, "लागला तर मागेन." तिला त्याचं मोल काय होतं, ते मी रोज बघत होतो.

तेराव्या दिवशी घरी उदकशांत होती. जवळजवळ दोन तास मी पाटावर मांडी घालून बसलो होतो. सगळं आटोपल्यावर गुरुजी म्हणाले, "आता उठा आणि देवाला नमस्कार करा." मी उठायला गेलो आणि उठलोच नाही. कमरेखाली माझं म्हणून काही उरलंच नव्हतं. पुन्हा जोर केला, अर्धवट वर झालो आणि परत पाटावर आपटलो.

मग माझी मेहुणी धावत आली, शेजारी बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. "भावोजी, असा धीर सोडू नका हो." कुणीतरी म्हणालं, "बसू दे त्यांना. मोकळे होऊ देत. इतके दिवस रडले नाहीत." मी पुन्हा उठायचा प्रयत्न केला, तर दोघातिघांनी प्रेमानं खांदे दाबून मला खाली बसवलं. शेजारच्या वहिनींनी पाणी आणलं. सगळी खोली रडत होती आणि मधोमध मी, गुडघ्यात कळा येत असलेला, कोरड्या डोळ्यांचा. त्या दिवशी, त्या जागी, "माझे गुडघे धरलेत" असं म्हणायची मला लाज वाटली.

दाराशी चपलांच्या गर्दीजवळ एक ठेंगणे, रुंद मानेचे गृहस्थ टोपी हातात धरून उभे होते. त्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता. मी त्यांना ओळखत नव्हतो. ते पुढे आले आणि म्हणाले, "आवो, सरका जरा. हे रडणं न्हाय, गुडगं हायत."

मेहुणी रडायची थांबली.

"सर, डाव्या कुशीवर व्हा," ते म्हणाले. "दोनी हात भुईला लावा. आता रांगा. लाजू नका, समद्यांनी रांगलंय कदी ना कदी." मी रांगलो. त्यांनी माझा उजवा पाय पुढे रोवला, तळहात त्या मांडीवर ठेवायला लावला आणि मागून कमरेला नुसता आधार दिला. मी उभा होतो. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, फोटोला हात जोडले आणि चहा न घेता गेले.

बायकोच्या चालण्यातल्या मैत्रिणींकडून मला कळलं की ते मामा. सगळेच त्यांना मामा म्हणतात. ते साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस-पस्तीस वर्षं माथाडी म्हणून पोती वाहिलेली. आता आमच्याच सेक्टरात मुलाकडे राहतात. एवढं ऐकून मी त्यांना विसरलो. दुःखात माणूस उपकारही विसरतो.

दोन महिन्यांनी एका दुपारी मी सर्वांत खालच्या फळीवरचं पुस्तक काढायला खाली बसलो आणि पुन्हा तेच झालं. कुशीवर होणं वगैरे काही आठवेना. आठवलं तेव्हा पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये असा अडकलो होतो की कुशीवर व्हायला जागा नव्हती. फोन टेबलावर होता. चार वाजता कामाच्या मावशी त्यांच्या किल्लीनं दार उघडून आत आल्या.

"अगं बाई! काका, पडलात का बसलात?"

"बसलोय."

"कवापासून?"

"दोन-अडीच तास झाले असतील."

त्यांनी वॉचमनला हाक मारली आणि दोघांनी मिळून मला उचललं. मी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवीपर्यंत मावशींनी माझ्या मुलीला फोन लावला होता.

मुलगी पुण्याला असते. शनिवारी गाडी घेऊन ती एकटीच आली. "बाबा, मी भांडायला आलेली नाहीये," असं म्हणाली, म्हणजे ती भांडायला आली होती. त्यांच्याकडे माझ्यासाठी खोली तयार होती. लिफ्ट होती, नातवंडं होती, जवळ लायब्ररी होती. यातलं काहीच खोटं नव्हतं.

"मला इथेच राहायचंय," मी म्हणालो.

"का पण?"

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर बायकोच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या. दाराशी ते स्टूल होतं. या घरात ती गेली होती हे जितकं खरं, तितकंच इथे ती राहिली होती हेही खरं होतं. पुण्याला ती फक्त गेलेलीच असणार होती. हे मुलीला सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि तिनं पुष्कळ रडून घेतलं होतं.

तिनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "ठीक आहे. वर्षश्राद्धाला मी येणारच आहे. तेव्हा तुम्ही पाटावर बसायचं आणि कुणाचाही हात न धरता उठायचं. उठलात, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही उठलात, तर बॅग भरायची."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी अकरा वर्षांत पहिल्यांदा सेक्टरमागच्या तळ्यावर गेलो. अर्धी फेरी होण्याआधीच दम लागला. मामा बाकावर बसून पाय पुढेमागे करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या पायांकडे असं पाहिलं, जसं मी देणगीत आलेल्या जुन्या पुस्तकांकडे पाहायचो.

"सर, तुमचं वजन म्हंजे एक पोतंच की," ते म्हणाले. "पोतं कवाबी कमरंनं उचलायचं न्हाय. मांडीनं उचलायचं. तुमच्या मांडीत काय ऱ्हायलंच न्हाय. घरी खुर्ची हाय न्हवं? हात न लावता बसायचं, हात न लावता उटायचं. सकाळी धा येळा, सांच्याला धा येळा. मग हळूहळू खुर्चीची उंची कमी करायची."

"खुर्चीची उंची कमी कशी करणार?"

"आता ते तुमी बगा. तुमी शिकलेलं हाय."

घरी येऊन मी विचार केला. जाडजूड कोशांचे खंड एकावर एक रचले तर नेमकी उंची मिळेल, हे लगेच सुचलं, पण पुस्तकावर बसणं या जन्मात शक्य नव्हतं. गाद्या मऊ, त्यांवरून उठणं आणखी अवघड. मग गॅलरीत गेलो. सहा गठ्ठे रचले तेव्हा बरोबर खुर्चीइतकी उंची झाली. एक गठ्ठा चार बोटं जाड. ज्या सकाळी ती चालत होती आणि मी बसून वाचत होतो, त्या सगळ्या सकाळी सुतळीनं बांधलेल्या माझ्यापुढे होत्या. मी त्यांच्यावर बसलो आणि उठलो. दहा वेळा. दहाव्या वेळेला मांड्या थरथरत होत्या.

महिना-दीड महिन्यानं एक गठ्ठा कमी करायचा, असं मामांनी ठरवून दिलं. रोज सकाळी तळ्यावरही जायचं. पहिल्या महिन्यात अर्धी फेरी, मग एक, मग दोन. बायकोच्या मैत्रिणींनी मला एक शब्दही सहानुभूतीचा न बोलता आपल्यात घेतलं, याबद्दल मी त्यांचा फार ऋणी आहे. "काका, आज लेट!" "काका, टेन्शन नका घेऊ, आमचाही स्पीड एवढाच आहे." एकीनं सांगितलं, "काकू म्हणायच्या, आमचे हे एक दिवस येतील बघा." त्या दिवशी एक फेरी जास्त चाललो.

दिवाळीच्या सुमारास चार गठ्ठ्यांवर आलो होतो आणि मला घाई झाली. मामांना न सांगता एकदम दोन काढले. तिसऱ्या दिवशी उजवा गुडघा सुजला. आठवडाभर तळ्यावर गेलो नाही, तर मामाच घरी आले. रचलेले दोनच गठ्ठे बघून त्यांच्या सगळं लक्षात आलं.

"मार्केटात नवा गडी आला की आसंच करतो," ते म्हणाले. "चार माणसं बगायला लागली की दोन पोती घेतो पाटीवर. मग आट दिवस खाटंवर. सर, तुमाला कोन बगत हुतं?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं असावं, कारण ते खुर्ची ओढून बसले. मग सांगायला लागले. काम सुटल्यावर त्यांनी ठरवलं होतं की आता हलायचं नाही. जन्मभर अंग झिजवलं, आता बसून खायचं. वर्षभर त्या तळ्याच्या बाकावर नुसते बसून राहिले. गुडघे धरले, खांदा धरला, चिडचिड वाढली. "तवा ताई रोज म्होरनं जायच्या. एक दिस थांबल्या आन् म्हनाल्या, मामा, मला सोबत न्हाय, दोन चकरा मारता का माज्यासंगं? त्यांच्यासंगं चार बायका आसायच्या, सर. सोबत न्हाय म्हनं!" ते हसले. "मला उटवायला खोटं बोलल्या. आज माजं पाय हायत ते त्यांच्यामुळं. मी तुमाला उटवतोय, त्यात माजं काय न्हाय."

मी गॅलरीतून दोन गठ्ठे परत आणले.

वर्षश्राद्धाला मी तिसऱ्या फेरीपर्यंत आलो होतो, आणि गॅलरीतले दोन गठ्ठे सोडून बाकीची रद्दी रद्दीवाल्याकडे गेली होती. जमिनीवरून उठणं जमायचं, पण रोज नाही. पाच वेळांत चारदा. पाचव्याची धास्ती मनात घेऊनच मी पाटावर बसलो. मुलगी आदल्या दिवशी आली होती. तिनं काही विचारलं नव्हतं, मीही काही सांगितलं नव्हतं. मामा या वेळी दाराशी नव्हते; मेहुणीनं त्यांना आग्रहानं खुर्चीवर बसवलं होतं.

विधी संपले. गुरुजी म्हणाले, "उठा." मी डाव्या कुशीवर झालो, हात टेकले, रांगलो, उजवा पाय पुढे रोवला आणि तळहात मांडीवर ठेवला. इथे एक श्वास घ्यायचा, असं मामांनी शिकवलं होतं. पोतं खांद्यावर आलं की माथाडी लगेच चालायला लागत नाही, एक श्वास थांबतो. मी थांबलो. समोर दार उघडं होतं आणि दाराशी ते स्टूल दिसत होतं. एक गुडघा जमिनीवर टेकलेला, जणू नाडी बांधायला बसलो असावा असा, मी त्या स्टुलाकडे बघत राहिलो. तेराव्याला जे आलं नव्हतं, ते वर्षभरानं त्या क्षणी आलं. समोरचं सगळं पुसट झालं.

मुलगी धावत पुढे आली. तिचे दोन्ही हात माझ्या काखेपर्यंत पोचून हवेतच थांबले. "बाबा, गुडघा?"

"नाही," मी म्हणालो. "गुडघा ठीक आहे."

आणि मी उठलो. तिचे हात तसेच, मला न लागता, माझ्याबरोबर वर आले. मागे मामा कुणाला तरी सांगत होते, "आता रडू द्या. आता खरं हाय."

मुलीनं आपला शब्द पाळला. पुण्याच्या खोलीचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर तळ्यावर आली. तिचं कामच दिवसभर स्क्रीनसमोर बसण्याचं. एक फेरी झाल्यावर मामांनी तिला सहज विचारलं, "ताई, तुमी खाली बसून उटून दाकवा बरं." ती हसत गवतावर बसली. उठताना मात्र हसू मावळलं. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, मग बाकाची कड धरली.

"वय काय तुमचं?"

"एकेचाळीस."

"सर पासष्टीच्या म्होरं हायत," मामा म्हणाले. "घरी रद्दी हाय का?"

"आमच्याकडे पेपर येतच नाही हो मामा. सगळं मोबाइलवर."

दुपारी ती निघाली तेव्हा मी गॅलरीतले शेवटचे दोन गठ्ठे उचलले. पाठ ताठ, ओझं अंगाशी, जोर मांडीत. लिफ्टनं खाली नेऊन तिच्या गाडीच्या डिकीत ठेवले. आणि म्हटलं, हे दोन तिथे पाटावर रचून त्यांवर बसत-उठत जा. इथून पुढे पेपर साठवत जाईन आणि उंची कमी पडली तर आणखी पाठवीन.

तिनं गठ्ठ्यांवरच्या सुतळीला हात लावला. "आईनं कितीदा सांगितलं होतं हे द्यायला," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "आता दिले."