खऱ्या आकड्याची किंमत

कुलुपांच्या त्या कारखान्यात त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर होतं. एरवी मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना निम्मेकाका म्हणत. कुठल्या खात्याला किती माल लागेल हे ठरवायचं त्यांचं काम, आणि कुणी काहीही मागितलं तरी त्याचं निम्मं करायचं हा त्यांचा धर्म. शंभर स्प्रिंगांची मागणी आली की काका चष्मा कपाळावर ढकलणार, मागणाऱ्याकडे चोराकडे बघावं तसं बघणार आणि पेन्सिलीनं पन्नास लिहिणार. मग लोकही काही दुधखुळे नव्हते. शंभर हवे असले की दोनशे मागत. पुढे पुढे हे इतकं अंगवळणी पडलं की यात कुणी खोटं बोलतंय असं कुणालाच वाटेना. घरी बायकोसुद्धा म्हणायची, “चार किलो साखर आणा, म्हणजे दोन तरी येईल.”

तर अशा या कारखान्यात हॅन्डलांचे ढीग छताला टेकले होते आणि स्प्रिंगांवाचून अर्धवट कुलुपं उघडी पडली होती. दारं बनवणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला दोनदा माल उशिरा मिळाला आणि तिसऱ्यांदा त्यानं बजावलं, की आता चुकलात तर दुसरीकडे जाऊ. मालकांनी काकांना बोलावून सांगितलं, “हे गिऱ्हाईक गेलं तर मागची शेड बंद. जुळणीच्या सगळ्या बाया घरी.”

“कुलुपाच्या कारखान्याला कुलूप!” काका पुटपुटले.

“विनोद नको. ते ईआरपी का काय म्हणतात, ते घ्यायचं म्हणतोय. खरेदी, भांडार, उत्पादन, विक्री, सगळ्यांचं एकाच पडद्यावर दिसेल म्हणे. पण पैसा घालायचा तर तो का घालायचा, हे मला कागदावर दाखवा. तुम्ही आणि ते सल्लागार मिळून.”

सल्लागार म्हणजे एक टायवाला. अंगाला असा वास, की अत्तराच्या दुकानात आग लागली असावी. त्यानं लॅपटॉप उघडला आणि तयार नाटक सुरू केलं. रंगीत खांब, वर चढणारे बाण, शेवटी ठळक अक्षरात ‘अडकलेल्या मालात तीस टक्के बचत.’ चौथ्या चित्रात कुलुपांऐवजी साबणाच्या वड्या होत्या.

“हे कुणाचं?” काकांनी विचारलं.

“आधीच्या क्लायंटचं. फोटो बदलू आपण.”

“आणि तीस टक्के?”

“ते सगळीकडे तीसच असतात, सर.”

काकांना शिसारी आली. आजवर त्यांनी खोटे आकडे ढिगानं पाहिले होते, पण ते निदान घाम गाळून बोललेलं खोटं होतं. हे तर दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं! त्यांनी ठरवलं, निवृत्तीच्या आधी एक कागद तरी असा करायचा की त्यात तिळाएवढंही खोटं नसेल. शेड वाचवायची ती खऱ्या आकड्यावर.

ते थेट भांडारात गेले. तिथली भांडारबाई म्हणजे तोफखाना.

“बाई, कुणाकडे किती माल दडवलेला आहे, सगळं बाहेर काढा.”

“दडवलेला? अहो काका, इथे सगळे साधुसंत आहेत.”

“या खेपेला मी काही कापणार नाही.”

“मांजर म्हणतंय दूध पिणार नाही!”

“पोरांची शपथ.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. शेडचं प्रकरण त्यांच्याही कानावर होतं. त्यांनी पदर खोचला आणि पुढे झाल्या. मग जे बाहेर निघालं ते बघून काकांनी नाकाला रुमाल लावला. पाण्याच्या टाकीमागे गंजून लगदा झालेले स्क्रू. जुन्या पंख्याच्या खोक्यात ग्रीसमध्ये थिजलेल्या स्प्रिंगा आणि त्यावर मेलेली झुरळं. ज्या स्प्रिंगांसाठी गिऱ्हाईक चालतं व्हायला निघालं होतं, त्या इथे कुजत होत्या! प्रत्येकानं संकटकाळासाठी लपवलेलं, आणि प्रत्येकाच्या लपवण्यानंच संकट ओढवलेलं. काकांना जितकी किळस त्या लगद्याची आली, तितकीच स्वतःच्या पेन्सिलीची आली. तरीही त्यांनी सगळं मोजून घेतलं. अडकलेल्या मालातल्या बचतीचा आकडा निघाला पंधरा टक्के. लहान, पण अस्सल.

बैठकीत टायवाल्याचे बाण चढले आणि उतरले. मग काकांनी आपला कागद पुढे केला. मालकांनी तो वाचला आणि मनाशी हिशेब केला.

“पंधरा. म्हणजे साडेसात धरायचे. नाही परवडत, काका.”

“मालक, हे पंधराच आहेत. टाकीमागे हात घालून मोजलेत.”

“अहो, तुमच्याकडूनच शिकलो ना मी! समोर येईल त्याचं निम्मं करायचं.” मालक टायवाल्याकडे वळले. “यांचे तीस, म्हणजे पंधरा. हे जमतंय.”

“बघा, पंधराच आले की!” काका जवळजवळ ओरडले. “मग माझा कागद घ्या.”

“तुमचा घेतला तर साडेसातच होतात. कागद संचालक मंडळापुढे जाईल, तिथेही निम्मेच करणारे बसलेत. तीसच्या कागदावर सही करा, नाहीतर विषय मिटला. शेडही मिटली.”

टायवाला नम्रपणे हसत होता. असल्या हसण्यानं दूध नासावं. काकांनी तीसच्या कागदावर सही केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘प्रत्यक्ष मोजणीनुसार पंधरा.’

मालकांनी कागद उलटा सरकवला. “हे खोडा.”

काकांनी खोडलं. टायवाल्यानं पुढे केलेला हात त्यांना दिसलाच नाही, किंवा त्यांनी पाहिला नाही.

ते खाली आले तेव्हा भांडारबाई दारातच उभ्या होत्या. “काय झालं? शेड राहिली?”

“राहिली. ईआरपी येतंय.”

“देव पावला! म्हणजे आमचा खरा आकडा चालला तर.”

“नाही. तो खोडायला लावला. माझ्याच हातानं खोडला. तीसवर सही केली.”

बाईंनी सुस्कारा सोडला. त्यात दुःख होतं का सुटका, काकांना कळेना.

“तरी म्हटलं,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर स्प्रिंगांचं एक पोतं मी तुम्हाला दाखवलंच नव्हतं.”

काका खाली स्टुलावर बसले. “म्हणजे माझे पंधराही खोटे?”

“थोडेसेच.”

“कुठे आहे ते पोतं?”

“आता तर मुळीच सांगणार नाही,” बाई म्हणाल्या आणि जाळीचं दार ओढून घेतलं.