चौपेडी वेणी

सुरुवातीलाच सांगते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. लिंबू आम्ही दाराला टांगत नाही, वर्गात नेतो. चार लिंबांत खिळे आणि तांब्याच्या तारा खुपसून बारकासा दिवा लावून दाखवतो पोरांना. घरी बुद्धवंदना होते, त्यापलीकडे काही नाही. अंगात येणं, बाहेरचं लागणं, दृष्ट काढणं... हे सगळं आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच घराबाहेर गेलं, ते परत आलं नाही.

त्यामुळे हे लिहिताना मला ओशाळल्यासारखं होतंय. पण या सदरात लोक आपापलं सांगतात आणि कोणी दात काढत नाही असं दिसलं, म्हणून लिहिते. आणखी एक. तुम्ही भीतीदायक काही वाचायला आला असाल तर निराशा होईल. त्या खोलीत मला भीती वाटलीच नाही. माझा जळफळाट झाला.

आम्ही अकोल्याचे, मोठ्या उमरीत घर. मुलगी यशोधरा — यशू — अमरावतीला बी.फार्म करते. पहिलं वर्ष होस्टेलवर काढलं, पण मेसच्या जेवणानं पार वाळली. म्हणून दुसऱ्या वर्षी तिच्यासाठी खोली बघायला मी आणि तिचे बाबा कठोरा नाक्याच्या बाजूला फिरत होतो. दोन ठिकाणी खोली दाखवली, पंखा लावून दाखवला, मग आडनाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर खोली ‘कालच गेलेली’ निघाली. सवय आहे म्हणा. तरी प्रत्येक वेळी आग होतेच.

तिसरं घर सुनंदाकाकूंचं. मोर्शीकडे त्यांची संत्र्याची बाग. पोरांच्या शिक्षणासाठी इथे घर बांधलं, पोरं शिकली आणि पुण्याला उडाली. खाली त्या एकट्या राहतात. वर छोटा हॉल, एक बेडरूम, ओट्याचं स्वयंपाकघर आणि मागे जाळी लावलेली गॅलरी. काकूंनी एकच प्रश्न विचारला, “टाकी भरली का मोटर बंद करते न पोट्टी?”

मी म्हटलं, “करते.” खोली मिळाली.

शेंदूरजनाघाटची ऋतुजा यशूची रूम पार्टनर. केस पोरासारखे बारीक, तोंड दिवसभर चालू, दुपारी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. आम्ही अकोल्याहून टेम्पोत कूलर नेला, गाद्या नेल्या, शेगडी नेली. ओट्याखाली कागद अंथरले, डबे लावले. निघायच्या आधी यशूला पुढ्यात बसवून तिची वेणी घातली.

इथे केसांबद्दल सांगावं लागेल. यशूचे केस कमरेखाली जातात, जायचे. ती पूर्ण माझी कमाई. माझे स्वतःचे केस कधी खांद्याखाली गेले नाहीत, म्हणून तिचे मी जिवापाड वाढवले. दर रविवारी तेल, शिकेकाई, मग वेणी. त्यातलं खरं सुख वेणीचं नव्हतं. यशू अबोल पोरगी. समोरासमोर विचारलं तर “काही नाही”. पण पाठ माझ्याकडे आणि केस माझ्या हातात असले की बोलायला लागायची. कोणती मैत्रीण रुसली, कोणता सर रागावला, कोणता पोरगा उगाच मागे फिरतो... सगळं मला वेणीतून कळायचं. अमरावतीला गेल्यावर ती दोन-तीन आठवड्यांनी घरी येई. तेवढ्या रविवारांवर मी जगत होते म्हटलं तरी चालेल.

दिवाळीनंतर अशीच एका शनिवारी आली. पाठमोरी होऊन चपला काढत होती आणि मला वेणी दिसली. चौपेडी. एकही केस बाहेर नाही, वरपासून खालपर्यंत एकसारखी, टोकाला दुधाच्या पिशवीचं रबर.

“कोणी घातली?”

“कोणी नाही.”

“कोणी नाही म्हंजे? आपोआप झाली का?”

“दुपारी झोपून उठली तं होती. ऋतुजानं घातली असन.”

मी तिच्यासमोरच ऋतुजाला फोन लावला. ती खो-खो हसली. “काकू, मले माहे चार केस विंचरता येत नाई, म्हणून तं कापले!”

मी पोरीची आई आहे, पुढचा विचार कुठे गेला असेल ते तुम्ही ओळखलंच. मग वाटलं, इतकी सुरेख वेणी घालणारा पोरगा असेल तर लगेच लग्न लावून द्यावं. पण यशूच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. तीही गोंधळलेलीच होती, फक्त तिला ते वाईट वाटत नव्हतं.

रविवारी तेलाची वाटी घेऊन बसले. यशू म्हणाली, “राहू दे न आई, चांगली आहे ही.” माझ्या हाताला कधी कोणी ‘राहू दे’ म्हटलं नव्हतं. मी ती वेणी सोडली. सोडायलाही वेळ लागला, इतकी नीट गुंफलेली. मग माझी नेहमीची तिपेडी घातली. पूर्ण वेळ पोरगी गप्प.

“काय झालं?”

“तुझ्या वेणीनं कपाळ ओढल्या जाते, आई. लहानपणापासून. हिच्यानं नाही ओढत.”

“मंग इतके वर्ष सांगितलं काहून नाही?”

“तुले आवडते न घालायला.”

मी उठून वाटी घासत बसले. एरवी मी तेलाची वाटी कधी घासत नाही.

त्यानंतर मला काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मोबाइलवर बघून मी चौपेडी शिकले. शाळेतल्या दोरीउड्यांच्या दोऱ्या खिडकीच्या गजाला बांधून मधल्या सुट्टीत गुंफत बसायची. मुख्याध्यापकांनी विचारलं, “मॅडम, टीएलएम का?” म्हटलं, हो, शैक्षणिक साहित्य. पुढच्या खेपेला यशू आली तेव्हा मी तिला चौपेडी घातली. ती “छान” म्हणाली. पाहुण्यांकडचा चहा आपण छान म्हणतो, तसं. संध्याकाळपर्यंत वेणी सुटली. ती दुसरी, तिथली, दोन-दोन दिवस तशीच राहायची म्हणे.

मग मीच शनिवारी सकाळची शाळा उरकून अमरावतीची बस पकडायला लागले. डब्यात काहीतरी न्यायचं निमित्त. काकूंकडे आडून चौकशी केली. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, स्वतःच्या केसांना त्या क्लिप लावून मोकळ्या होतात. शेवटी सरळच विचारलं, “काकू, इथे आधी कोणी बाई वगैरे...?”

“अवो मॅडम,” काकू म्हणाल्या, “आमच्या आधी इथं तुरीचं वावर होतं. हे घर आमीच बांधलं. इथं कोणी मेलं नाई अन् कोणाचं लगन बी झालं नाई. काहून वो?”

“काही नाही, असंच.”

होळी झाली, कूलर लागले. एका शनिवारी मी गेले तर यशू न्हाऊन बसली होती. ऋतुजा क्लासला. जेवणं झाली, बेडरूममध्ये कूलर लावला, यशू भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ओले केस उशीमागे टॉवेलवर मोकळे पसरलेले. ते मी स्वतः पसरले होते. मी बेडरूमच्याच उंबऱ्यात, तिच्याकडे पाठ करून भेंडी चिरायला बसले. बाहेरच्या दाराला आतून कडी. गॅलरीला जाळी. आत जायचं तर मला ओलांडूनच.

थोड्या वेळाने यशूचा आवाज आला. हळू, झोपाळू. वाटलं, फोनवर आहे. पण फोन तर हॉलमध्ये माझ्या नजरेसमोर चार्जिंगला लावलेला.

“...नाही सांगू शकत न तिले,” यशू म्हणत होती. “जड होतात लय. मले कापायचेच आहेत. पण आईले कसं सांगू...” मग जरा थांबली. कोणी काही विचारल्यावर आपण थांबतो, तशी. आणि हसली.

ते हसू माझ्या ओळखीचं होतं. माझ्या पुढ्यात बसून, पाठ माझ्याकडे करून हसायची तेच.

मी वळून बघितलं. यशू एकटी होती. डोळे मिटलेले, श्वास संथ. आणि मानेपासून कमरेपर्यंत चौपेडी वेणी घातलेली, अजून ओली. टॉवेलवर पाण्याचा डाग तेवढा उरला होता.

माझ्या हातात चाकू, मांडीवर भेंडी. घाबरायला हवं होतं, नाही का? खरं सांगते, मनात पहिलं वाक्य आलं ते हे — हिला सांगते! मला नाही, हिला सांगते! ‘हिला’ म्हणजे कोणाला, हा प्रश्न नंतर आला. कोणीतरी बाई आहे हे मात्र मी तेव्हाच धरून चालले होते. सवतीला ओळखायला तोंड दिसावं लागत नाही.

यशूला हलवून उठवलं. “कोणाशी बोलत होती?”

“कोणाशीच नाही. झोपेत बडबडली असन.” मग मागे हात नेऊन वेणी चाचपली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, मले इथं चांगली झोप लागते.”

मी ठरवलं. खोली सोडायची. मे महिन्यात परीक्षा संपल्यावर, कॉलेजपासून लांब पडते, उन्हाळ्यात वरची खोली तापते, असली कारणं पुढे केली. यशूचे बाबा म्हणाले, “अवं, चांगली तं आहे खोली.” मी ऐकलं नाही. सामान बांधायच्या दिवशी यशू बराच वेळ गॅलरीत उभी राहिली, आणि ते बघूनही मला बरं वाटलं. जिंकल्यासारखं.

ऋतुजा क्लास संपवून आधीच गावी गेली होती. बाबा आणि यशू टेम्पोसोबत नव्या खोलीवर गेले. सुनंदाकाकू मोर्शीला लग्नाला गेलेल्या, संध्याकाळी येणार होत्या. चावी द्यायला म्हणून मी थांबले. बेडरूम रिकामी झाली होती. कूलर नाही, गादी नाही, कोपऱ्यात सुतळीचे तुकडे. ऊन असं की गॅलरीत पाय ठेववत नव्हता. दाराला कडी लावली, पर्स उशाला घेतली आणि गार फरशीवर आडवी झाले.

आणि भांडायला लागले. मोठ्याने. विज्ञानाची शिक्षिका, रिकाम्या खोलीत!

“काहून वं, कोण हायेस तू? माही पोरगी हाये ते. तिच्या उवा मी काढल्या, गुंता मी काढला. अन् तू आयत्या केसायवर बसली! बोलाचं होतं तं मायासंग बोलती. तिले दुखते म्हणून मले सांगती. मी काही राक्षस हावो का?”

पंखा कुरकुरत होता. का कोण जाणे, आवाज उतरला माझा आणि जे कधी कोणाला, यशूच्या बाबांनाही सांगितलं नव्हतं, ते बोलत गेले.

“मले कोणी नाही घातली वेणी. माय सकाळीच लोकायच्या वावरात निंदाले जाये. तिले कुठचा टाइम? केस कानाखाली आले का कात्रीनं कापून टाके. मायासमोरच्या बेंचवर एक पोरगी बसे, लाल रिबिनीच्या दोन वेण्या घालून. तास चालू असला का मी तिच्या वेण्याच पाहो. एक दिवस तिची रिबीन ओढली, तं गुरुजीनं मारलं. मारल्याचं काही नाही... तिच्या मायनं दुसऱ्या दिवशी पुन्हा घालून देली न वेणी, त्याचं लय वाईट वाटलं मले.”

इतकं बोलल्याचं आठवतं. मग झोप लागली. तशी झोप मला वर्षानुवर्षं लागली नव्हती.

जाग आली तेव्हा जाळीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. मान मोकळी वाटत होती. मागे हात नेला.

माझे केस ते किती! पण जेवढे होते तेवढ्यांची वेणी होती. बोटाएवढी, चौपेडी, टोकाला कोपऱ्यातली सुतळी बांधलेली. दाराची कडी आतून तशीच होती. मी उठून बघितली, ओढूनही बघितली. मग परत खाली बसले आणि रडले. कपाळ अजिबात ओढलं जात नव्हतं.

काकूंना चावी दिली. अकोल्यापर्यंत बसमध्ये डोक्याला स्कार्फ बांधून बसले. वेणी कोणाला दिसेल म्हणून नाही, वाऱ्याने सुटेल म्हणून. घरी दोन-तीन दिवस डोकं धुतलं नाही. पण आमच्याकडचा मे महिना. किती दिवस राहणार? सोडली शेवटी. सुतळी कपाटात साड्यांखाली आहे.

पुढे नव्या खोलीवरून यशूने फोटो पाठवला. केस मानेपर्यंत कापलेले. खाली लिहिलं होतं, “रागावू नको.” मी रागावले नाही. छान दिसत होती, तसंच लिहिलं. आता ती मला फोनवर बरंच काही सांगते. नव्या खोलीत झोप नीट लागत नाही, हेही सांगते. मी विषय बदलते. माझ्या वेणीचं तिला अजून सांगितलेलं नाही. का, ते मलाही नीट कळत नाही. बहुतेक वाटून घ्यायचं नाहीये मला.

मध्यंतरी एका ट्रेनिंगसाठी अमरावतीला जाणं झालं. वाट वाकडी करून त्या घरासमोर गेले. वरच्या गॅलरीत एक पोरगी कपडे वाळत घालत होती. पाठमोरी. पाठीवर चौपेडी.

पोटात तसंच दुखलं. त्या लाल रिबिनीच्या वेळी दुखायचं, अगदी तसंच.

पोरीने खाली बघितलं. “कोण पाह्यजे काकू?”

“कोणी नाही,” म्हटलं. तेवढ्यात सुनंदाकाकू बाहेर आल्या. चहा झाला. निघताना मी सांगून ठेवलं, वरची खोली रिकामी झाली की मला आधी फोन करा.

“काहून? पोट्टी परत येते का?”

“नाही, ओळखीतली एक बाई आहे,” म्हटलं. “एकटीच आहे. दुपारपुरती आली तरी चालेल तिला.”

काय होतं ते? स्वतःच्या हाताने, आडवं पडून, डोळे मिटून, पाठीमागे चौपेडी गुंफता येते का, हे मी करून बघितलं आहे. नाही येत. तुमच्यापैकी कोणाकडे शास्त्रीय स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. वर्गात शिकवेनही. पण खोलीचा पत्ता विचारू नका. ती वरची पोरगी यंदा फायनलला आहे, आणि तिच्यानंतर माझा नंबर आहे.