कुंपणापलीकडची हरणी

आर्लन हौगीने सव्वीस वर्षे गावच्या सभागृहात धनुष्याने शिकार करू इच्छिणाऱ्यांना एकच धडा शिकवला. मचाण बांधायचे ते आपला वास हरणांकडे जाणार नाही अशा अंगाला. वीस पावलांपलीकडे बाण सोडायचा नाही. हरीण आडवे उभे राहून पुढचा पाय पुढे टाकील, तेव्हाच खांद्यामागच्या खळग्यावर नेम धरायचा. बाण लागला तरी अर्धा तास झाडावरून उतरायचे नाही. हरणे जिथे दिवसा बसतात, तिथे पाऊलही टाकायचे नाही. माणसाचा वास तिथे शिरला की हंगाम संपला. आणि शेवटी, वही मिटता मिटता, "पाडलेलं रानात सोडायचं नाही. सोडायचं असेल तर पाडू नका."

हे सांगताना त्याचा आवाज कधी चढत नसे. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको मार्लिस गेली, त्या आठवड्यातही त्याने वर्ग घेतला आणि त्याच आवाजात घेतला. माणूस दगडाचा आहे, असे लोक म्हणाले. लोकांना म्हणायला काहीतरी लागतेच. त्यानंतर त्याला फारसे काही वाटेनासे झाले, एवढे मात्र खरे. जेवण चवीवाचून उतरे, दिवस तारखेवाचून जाई. आपली म्हणावी अशी एकच गोष्ट त्याच्यापाशी उरली होती: एकतीस हंगामांत त्याने पाडलेले एकही जनावर रानात कुजले नव्हते.

त्या वर्षी ऑक्टोबर अर्धा सरला तरी विस्कॉन्सिनच्या त्या टेकड्यांत थंडीचा पत्ता नव्हता. सकाळी साडेसातला पांढऱ्या शेपटीची एक हरणी सोळा पावलांवर आडवी उभी राहिली. बाण फुफ्फुसांतून आरपार गेला. ती उतारावरून धावली, तारेचे कुंपण ओलांडून पलीकडे गेली आणि साठ पावलांवर कोसळली. मचाणावरून तिचे पांढरे पोट स्वच्छ दिसत होते. आर्लन अर्धा तास बसून राहिला. मग उतरला, कुंपणापर्यंत गेला आणि थांबला.

पलीकडची जमीन स्कारांची. गॉर्डी स्कार जिवंत असताना त्या तारेला काही अर्थ नव्हता. एकदा हात मिळवला होता, तेवढ्यावर वीस वर्षे निभावली. गॉर्डी गेला आणि त्याच्या बायकोने, लव्हॉनने, शिकारीचा हक्क शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरला भाड्याने दिला. तिला दोष देण्यात अर्थ नाही. हल्ली सगळे असेच सभ्यपणे बिघडते. दोषी म्हणून बोट दाखवावे असा माणूस सापडत नाही. परवानगीवाचून कुंपण ओलांडणे गुन्हा आहे, हेही आर्लनच वर्गात शिकवत असे.

लव्हॉनने दार उघडले तेव्हा तिच्या हाताला पीठ होते. आर्लनने तिला हरणी पलीकडे पडल्याचे सांगितले.

"मेली का?" तिने विचारले.

"मेली. कुंपणावरून दिसतेय. घेऊन येतो फक्त."

"माझ्यापुरतं म्हणशील तर आत्ता जा रे. पण कागदावर सही केलीय मी. हंगामात त्याला विचारल्याशिवाय कुणीही नाही. मीसुद्धा नाही. माझ्याच रानात मला आक्रोड वेचायला बंदी, बोल आता."

"गॉर्डी असता तर..."

"गॉर्डी असता तर गळकं छप्पर त्यानेच शाकारलं असतं, त्यासाठी रान भाड्याने द्यावं लागलं नसतं, आर्लन. जा, त्याला विचार. माणूस वाईट नाही. नुसता शहाणा आहे."

डॉक्टर प्रेस्टन वाइल रानाच्या तोंडाशी आपल्या गाडीघरापुढे कॉफी पीत होता. आर्लनला पाहताच उठून उभा राहिला. चार वर्षांपूर्वी तो सभागृहात पहिल्या रांगेत बसून सगळे लिहून घेत असे.

"या सर. तुम्ही इकडे कसे?"

आर्लनने सांगितले. प्रेस्टनने बोट ओले करून वर धरले.

"वारा दक्षिणेचा आहे सर. ती पडलीय तिथून खालच्या घळीत माझा मोठा नर बसतो. रानात लावलेल्या कॅमेऱ्यावर दोन वर्षं बघतोय त्याला. तुम्ही आत्ता तिथं गेलात तर वास थेट त्याच्या नाकात."

"दहा मिनिटांचं काम आहे, डॉक्टर."

"बसण्याच्या जागी पाऊल टाकायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना. मी वहीत अधोरेखित केलंय." तो हे थट्टेने म्हणत नव्हता, तेच कठीण होते. "चारला वारा फिरणार आहे. फिरला की मीच फोन करतो."

"उष्मा आहे. चारपर्यंत मांस टिकायचं नाही."

"माझ्याकडे गेल्या वर्षीचं भरपूर आहे. घेऊन जा ना त्यातलं."

आर्लनने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

तो परत जाऊन कुंपणाशी बसला. तार कंबरेएवढी होती. दहाला माश्या आल्या. अकराला एक कावळा उतरला. आर्लनने खडा मारला, तो उडाला आणि दुसऱ्याला घेऊन आला. बारानंतर आर्लनने खडे मारणे सोडले. दुपारी पोट फुगू लागलेले दिसले. आपल्याला राग यायला हवा, असे त्याच्या मनात आले. दवाखान्यात मार्लिसच्या खाटेपाशीही त्याने अशीच कशाची तरी वाट पाहिली होती, आणि तेही आले नव्हते.

चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. प्रेस्टन स्वतः आला. दोघे हरणीपाशी पोचले तेव्हा प्रेस्टनने बाहीने नाक झाकले. आर्लनने गुडघे टेकून पोटाची कातडी चिमटीत धरली. केस मुळासकट हातात आले.

"सॉरी, सर," प्रेस्टन म्हणाला. "खरंच."

आर्लनने खिशातून परवाना काढला आणि त्यावर पेनने तारीख घातली. या रानात मादी पाडायची परवानगी एकच होती; तारीख पडली की ती संपली.

"हे कशाला वाया घालवता? ही खाण्याजोगी नाही. कोण बघतंय इथं?"

"मी पाडली," आर्लन म्हणाला.

त्याने मागच्या पायांना दोर बांधला. प्रेस्टन मदतीला वाकला, तेव्हा त्याने नुसता हात आडवा केला. साठ पावले ओढत नेऊन तारेखालून काढायला त्याला पाऊण तास लागला. दोनदा दम घ्यायला थांबावे लागले. आपल्या बाजूला आल्यावर त्याने दोर सोडून गुंडाळला आणि हात गवताला पुसले.

कावळे तिथेही आलेच.