वस्तादांचा डावा डोळा

वस्तादांना चष्मा नको होता म्हणजे नकोच होता. एकेचाळीस वर्षं लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरलेला माणूस. त्याने नाकावर चष्मा चढवला, तर खुर्चीतलं गिऱ्हाईक देवाचं नाव घ्यायला लागेल, असं त्यांचं ठाम मत होतं. गिऱ्हाइकाचं मत त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचा स्वभावच नव्हता, स्वभाव सांगायचा होता.

पण साठी जवळ आली तसं जवळचं दिसेनासं झालं. पेपर हात लांब करून वाचता येतो. गिऱ्हाइकाचं डोकं कसं लांब धरणार? वस्ताद अंदाजाने काम रेटत होते. एके दिवशी मात्र त्यांनी दाढीच्या क्रीमऐवजी केसांच्या काळ्या रंगाची ट्यूब पिळली आणि एका भल्या माणसाच्या गालावर ब्रशने फासायला घेतली. शेजारच्या खुर्चीवर त्यांची लेक केस कापत होती. ती धावली, टॉवेलने गाल खसाखसा पुसले. गिऱ्हाईक गेल्यावर तिने हात पुढे केला.

"बाबा, डोळ्यांचं काहीतरी करा. नाहीतर वस्तरा माझ्याकडे द्या. तुम्ही नुसते केस कापा."

वस्तरा गेला तर मागे उरलं काय? फणी! पण लेक आईवर गेलेली, एकदा बोलली की बोलली.

निमूटपणे ते गल्लीच्या टोकाला चष्म्याच्या दुकानात गेले. तिथली डॉक्टरीण वयाने लेकीएवढीच. तिने वस्तादांना दोन्ही पंजे जुळवून मधल्या फटीतून दाराची कडी बघायला लावली, मग एकेक डोळा मिटायला सांगितला.

"काका, तुमचा उजवा डोळा वरचढ आहे. तो लांबचं बघू दे. डाव्यात एक लेन्स घालू, तो जवळचं बघेल."

"म्हणजे एक डोळा घरचं बघणार आणि एक बाहेरचं?"

"तसंच समजा. मेंदूला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतील."

"आमच्या हिला माझी सवय व्हायला तीस वर्षं लागली," वस्ताद म्हणाले आणि लेन्स घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनच्या आरशासमोर उभं राहून, बोटावर ती पाण्याच्या थेंबाएवढी लेन्स घेऊन, अर्धा तास शिव्या घालत त्यांनी ती एकदाची डोळ्यात बसवली. आता इथे घोळ झाला, आणि तो फक्त त्यांच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. समोर चेहरा आला की त्याचा डावा गाल आपल्या उजव्या हाताला, हे वस्तादांच्या हाडात मुरलेलं. आरशातला चेहरा दिसला आणि त्यांनी सवयीने त्याला गिऱ्हाईकच समजलं. डाव्याची लेन्स गेली उजव्या डोळ्यात!

नऊ वाजता रोजच्यासारखे हेडसर आले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण मान अजून प्रार्थनेला उभं राहिल्यासारखी ताठ. वस्तादांना फरशी वर आल्यासारखी वाटत होती, भिंत हलत होती. 'सवय होईल' म्हणत त्यांनी हेडसरांचे कल्ले नीट करायला घेतले. उजवा कानाच्या मध्यावर थांबला. डावा पार कानशिलापर्यंत गेला.

हेडसरांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तिरकं दिसतंय की मी तिरका बसलोय?" एवढंच त्यांनी विचारलं.

लेकीने वस्तरा उचलला, आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि किल्ली फिरवली.

डॉक्टरणीने घोळ शोधला तेव्हा ती हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी राहिली. लेन्स योग्य डोळ्यात गेली, पण मेंदू काही ऐकेना. जवळचं बघायचं झालं की वस्तादांचा उजवा डोळा आपसूक मिटायचा. फळवाली आधी लाजली, मग तिने नवऱ्याला ठेल्यावर बसवलं. बँकेतला कॅशिअर उगाचच परत डोळा मारायला लागला. "मेलं या वयात काय हे!" म्हणून बायकोने कपाळाला हात लावला, आणि त्या दिवशी केस मात्र विंचरून बसली.

तीन आठवड्यांनी ते सगळं थांबलं. कधी थांबलं हे वस्तादांनाही कळलं नाही. कात्रीचं टोक दिसत होतं, रस्त्यापलीकडची पाटीही दिसत होती. ड्रॉवर मात्र बंदच होता.

त्या सकाळी हेडसर लेकीच्या खुर्चीत बसले. तिने फेस लावायच्या आधी वस्ताद टॉवेल गुंडाळायला वाकले आणि थबकले. हेडसरांच्या जबड्याखाली बारीक बारीक कापल्याच्या खुणा होत्या. काही जुन्या, एक कालची.

"सर, हे कोणी केलं? दुसरीकडे जाता की काय?"

"मीच केलं. घरी."

"घरी कशाला?"

हेडसरांनी लेकीकडे पाहिलं. लेक ब्रश घोळवत राहिली. "तुझ्याकडून गेलो की हनुवटीखालचं राहिलेलं मी घरी काढतो. चार वर्षं झाली. हात थरथरतो माझा, म्हणून लागतं. पोरीच्या हातून राहत नाही, पण आता सवय लागलीय."

वस्तादांचे कान तापले. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग आला. "चार वर्षं! तोंड होतं ना तुम्हाला? बोलायचं नाही?"

"तोंडावर तुझा वस्तरा होता."

वस्तादांनी लेकीपुढे हात केला. मागितला नाही, नुसता हात केला. तिने क्षणभर त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, दोन्ही उघडे आहेत ना ते बघितलं, आणि ड्रॉवर उघडला.

वस्तादांनी पाव तास घेतला. जबड्याखालून, कानामागून, हनुवटीच्या खळीतून. तुरटी लावायची वेळच आली नाही. लेकीने बोट फिरवून पाहिलं, उलटं फिरवून पाहिलं. हेडसरांनी स्वतःचा हात फिरवला, पुन्हा फिरवला. "म्हणजे घरी गेल्यावर आता मी करू काय?" ते काहीशा नाराजीनेच म्हणाले आणि मान ताठ करून गेले.

वस्ताद वस्तरा पुसत आरशाकडे वळले. तिथे एक म्हातारा उभा होता, आणि त्याच्या गळ्यावर पांढऱ्या खुंटांचा चांगला बोटभर पट्टा राहिला होता. आजवर त्यांनी स्वतःच्या गळ्याला दुसऱ्या कोणाचा वस्तरा लागू दिला नव्हता. त्यांनी पातं बदललं, वस्तरा लेकीच्या हातात दिला आणि खुर्चीत बसून मान मागे टाकली.

"गळ्यापाशी जरा राहतं माझं," ते छताकडे बघत म्हणाले. "सावकाश घे."

"माहितीय, बाबा," लेक फेस लावत म्हणाली. "रोज समोर बसून जेवते मी."