शेळीबाई आणि माझा भरलेला वर्ग

शेळीबाईंना शेळ्यांतलं काहीएक कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. पुढे त्यांचं कौतुकच येणार आहे आणि ते माझ्याच तोंडून यावं, याचा मला आत्तापासून राग येतोय. माजलगावला बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली बाई. आष्टीच्या डोंगरातल्या आमच्या वस्तीवर एक खोली घेऊन राहिली आणि घरोघर एकच सांगत सुटली, "तुमच्या पोरी शाळंत धाडा. शेळ्या मी राखते."

वस्ती धनगरांची आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची. आईबाप कारखान्याला गेले की घर म्हातारीवर आणि शेळ्या पोरीवर. मी तिथली शिक्षिका. दारोदार हिंडून मी शिक्षणहक्काचा कायदा सांगितला, फुकटच्या पुस्तकांचं सांगितलं, घसा कोरडा केला. लोक चहा पाजायचे, "व्हय म्याडम" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पोरगी शेळ्यांमागंच. शेळीबाईंनी कायद्याचं नावही काढलं नाही. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला, काठी घेतली आणि चालू लागल्या. आठवड्यात माझा वर्ग भरला. वर्ग माझा आणि भरवला कुणी, तर या बाईंनी.

त्यांची एक सवय मला फार खुपायची. संध्याकाळी शेळ्या घरोघर पोचवल्या की त्या मारुतीच्या ओट्यावर बसत आणि पोरींना विचारत, "आज म्याडमनी काय शिकिवलं? मला सांगा बरं." पोरी सांगत. त्यांतली आरती तर माझ्या वर्गात मिठाची गुळणी धरून बसायची, पण तिथं ओट्यावर हातवारे करून पृथ्वी फिरवायची, ग्रहण लावायची. एकदा घरी जाताना मी थांबून ऐकलं. धडा माझा, उदाहरणं माझी, आणि शाबासकी वाटणार शेळीबाई. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि आरती म्हणजे माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. शाळेच्या कपाटात सॅनिटरी पॅडचा खोका ठेवून मी मुलींना बजावलं होतं, लाजू नका, मला सांगा. आरतीची वेळ आली तेव्हा ती भर तासाला उठली, माझ्यासमोरून गेली आणि थेट माळावर शेळीबाईंना गाठलं. त्यांनीच मग तिला माझ्याकडं आणलं, कपाटातला खोका मागायला. मी काढून दिला. काय करणार?

आरती सातवीत होती तेव्हाची गोष्ट. उगवती ज्वारी शेळ्यांना विषासारखी असते, हे वस्तीवरचं शेंबडं पोरगंही जाणतं. शेळीबाईंना मात्र नुसती हिरवळ दिसली. "खाऊ द्या बिचाऱ्यांना, कुसळं खाऊन कंटाळल्या असतील," म्हणून त्यांनी कळप आत सोडला. बाकीच्या शेळ्या वाचल्या, आरतीच्या घरची गाभण शेळी संध्याकाळपर्यंत मेली. कारखान्याला निघायची तयारी चाललेली, त्यात हे. आरतीचा बाप म्हणाला, "बास झाली शाळा. पोरगी आमच्यासंगं येईल."

खोटं कशाला बोलू, ऐकल्याबरोबर मला जरा बरंच वाटलं. फजिती झाली ना एकदाची बाईंची. मग ध्यानात आलं की बुडणार आहे ती आरती. एकदा पोरगी उसाच्या फडात गेली की पुढचं आमच्याकडं सगळ्यांना पाठ असतं. वर्षा-दोन वर्षांत लग्न, आणि हातात कोयता. मी तशीच उठून त्यांच्या घराकडं निघाले.

पोचले तर शेळीबाई माझ्याआधी तिथं. उंबऱ्याशी मातीतच बसलेल्या. "चूक माझी हाय. शिक्षा पोरीला कावून?" एवढंच परत परत म्हणत होत्या. बाप ऐकेना. शेवटी आरतीची आई चुलीपुढून उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "माझ्याकडूनबी मेलती एक, अशाच ज्वारीत. तवा तुमी मला घराबाहीर काढलं का? ऱ्हाऊ द्या पोरीला."

बाप उंबऱ्याशी आला. मग शेळीबाईंना म्हणाला, "उद्यापासून ज्वारीच्या अंगाला नेऊ नगा." म्हणजे शेळ्याही त्यांच्याकडंच राहिल्या आणि आरतीही शाळेत राहिली. मी अंगणात उभीच. कायदा तोंडातल्या तोंडात. मला कुणी बस म्हणालं नाही.

पुढच्या जूनमध्ये आरती आष्टीच्या वसतिगृहात गेली, आठवीला. तोवर शेळीबाईंचे गुडघे पार गेले होते. लेक जीप घेऊन न्यायला आला. वस्तीनं शेळ्या राखायला घरटी पाळी लावून घेतली, तेव्हाच त्या जायला तयार झाल्या. पोरी जीपभोवती रडत होत्या. मी लांब उभी होते, तर त्यांनी मला बोलावून हात धरला.

"म्याडम, एक सांगू? मला तुमचा लई हेवा वाटायचा. दिवसभर पोरी तुमच्यापाशी, अन् मी आपली शेळ्यांमागं. सांजच्याला पोरींना इचारून इचारून तुमचा तास ऐकायचे मी."

हे ऐकून माझ्या मनातला काटा निघायला हवा होता. तो आणखी रुतला. इतके दिवस हेवा मीही केला, त्यांच्याहून जास्तच केला असेल. पण असा हात धरून, तोंडावर सांगायची छाती मला काही झाली नाही. तेही त्याच करून गेल्या.